यंत्रयुग आणि फावला वेळ

पहाटे जात्यावर दळण, उजाडताच विहिरीचे पाणी, त्यानंतर चूल, असा वऱ्हाडातील आमच्या आज्यांचा दिवस सुरू होत असे. पुढे पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅसची शेगडी आली. यांपैकी प्रत्येकाने घटका दोन घटका वाचविल्या, हे कोणाही समंजस मनुष्यास मान्य करावे लागेल. यंत्रांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. जात्यावरची ओवी गोड खरी, परंतु दळणाऱ्या हातांचे घट्टे गोड नव्हते. प्रश्न इतकाच की, हा वाचलेला वेळ गेला कोठे?

अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखविण्यास गेले. मुलांच्या रिकाम्या वेळेतून एवढे उभे राहू शकते.

करमणुकीची यंत्रे आली तेव्हा तीही प्रथम माणसांस एकत्रच आणीत. नागपूरचे नभोवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. ज्याच्या घरी रेडिओ असे, त्याच्या ओसरीवर आळी जमे. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण मालिका लागली, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि एका संचापुढे चार घरची मंडळी दाटीवाटीने बसत. यंत्र एक, माणसे अनेक! आज एका खोलीत चार माणसे असतात आणि यंत्रेही चारच असतात.

दुसराही एक भेद आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. सिनेमा संपत असे. नभोवाणी रात्री बंद होई. मोबाइलवरील चित्रफितींस असा शेवटच नाही. एक संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. कारण आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती दिसतात आणि त्यांवर कंपनीची प्राप्ती अवलंबून असते. आपला फावला वेळ हाच तेथे विकावयाचा माल! (हा लेख लिहिताना आम्ही स्वतः तीनदा फोन उचलला, हे कबूल करणे प्राप्त आहे.)

कोविडच्या काळात शाळा बंद असता अभ्यासाकरिता मुलांच्या हाती आलेला मोबाइल पुढे हातातून सुटेना. तेव्हा दोन गावांनी उपाय केले. आपल्या वऱ्हाडातील पुसद तालुक्यातील बान्सी येथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलची बंदी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे निराळीच योजना झाली. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजतो. घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात. मुले पुस्तके उघडतात, वडील माणसे वाचतात अथवा बोलत बसतात. साडेआठास पुन्हा भोंगा होतो, की सर्वजण मोकळे.

दोन्ही गावांचा हेतू चांगला. तथापि आमचे मत वडगावाच्या बाजूने आहे. बान्सीचा नियम केवळ मुलांस आहे, वडगावाचा लहानथोरांस सारखाच. बाप स्वतः पडद्यात डोके घालून मुलास "अभ्यासाला बैस" म्हणतो, तेव्हा मुलगा बापाचे ऐकत नाही, बापाकडे पाहतो. शिवाय एकट्या मुलाने फोन ठेवला तर तो सवंगड्यांत मागे पडतो. साऱ्या गावाने ठेवला तर अंगणात खेळावयास गडी मिळतात.

अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत एका देवळाचा भोंगा सर्वत्र ऐकू जाणार नाही. घरातला भोंगा कोणी आणि किती वाजता वाजवावयाचा, हे पालकांनी व पाल्यांनी एकत्र बसूनच ठरवावे लागेल. वडगावातही प्रथम काही मंडळी हसली होती. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांस घरोघर फिरून लोकांची समजूत घालावी लागली.