ग्रामीण रेल्वेस्थानकाचा उदय आणि अस्त : रायपूर–धमतरी मार्गाचा अभ्यास

भारतीय रेल्वेचा इतिहास बहुधा मोठ्या जंक्शनांच्या, पुलांच्या आणि घाटांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि देशातील बहुसंख्य जनतेचा रेल्वेशी पहिला संबंध आला तो गावाबाहेरच्या एका लहानशा स्थानकावर. असे स्थानक का उभे राहते आणि कालांतराने का ओस पडते, हा प्रश्न आर्थिक इतिहास, प्रादेशिक नियोजन आणि पायाभूत सुविधा या तिन्ही विषयांना स्पर्श करणारा आहे. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथून निघणाऱ्या धमतरी नॅरोगेज मार्गावरील माना आणि भटगाव या स्थानकांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

पार्श्वभूमी

छत्तीसगडचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. 1854 मध्ये ते राज्य खालसा झाले आणि 1861 साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात हा प्रदेश समाविष्ट झाला. भाताचे हे विस्तीर्ण मैदान दीर्घकाळ बाहेरच्या बाजारपेठांपासून तुटलेले होते. पीक उत्तम आले तरी धान्य बाहेर नेण्याची सोय नव्हती आणि पीक बुडाले तर बाहेरून धान्य आणणे कठीण होते.

ही स्थिती प्रथम बदलली ती नागपूर–राजनांदगाव या मीटरगेज मार्गामुळे. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले आणि 1891 पर्यंत तो आसनसोलपर्यंत नेला. रायपूर अशा रीतीने मुख्य मार्गावर आले.

याच दशकाच्या अखेरीस 1896–97 आणि 1899–1900 या वर्षांत मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. 1880 च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून रेल्वेविस्ताराची शिफारस केली होती. रमेशचंद्र दत्त यांच्यासारख्या राष्ट्रवादी अर्थतज्ज्ञांचा आक्षेप असा होता की, रेल्वे धान्य वाहून नेते, पिकवत नाही. म्हणून सिंचनाला अग्रक्रम हवा. या वादाच्या दोन्ही बाजू धमतरीच्या परिसरात पाहावयास मिळतात. येथे 1900 मध्ये रेल्वे आली; महानदीवरील रुद्री बंधारा आणि 1923 मध्ये पूर्ण झालेले मुरुमसिल्ली धरण त्यानंतर आले. कालव्याच्या पाणीपट्टीवरून 1920 साली झालेला कंडेल नहर सत्याग्रहही याच भागातील होय.

नॅरोगेज का?

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर. भारतात ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, मीटरगेज 1000 मिलिमीटर, तर नॅरोगेज 762 किंवा 610 मिलिमीटर असे प्रमुख प्रकार रूढ झाले. रायपूर–धमतरी मार्ग 762 मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा होता. अभनपूर येथून राजिमकडे जाणारा फाटा धरून त्याची एकूण लांबी सुमारे 90 किलोमीटर होती.

अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, भराव व पूल हलके चालतात, तीव्र वळणे घेता येतात. साहजिकच बांधणीचा खर्च कमी येतो. वाहतूक मर्यादित असलेल्या भागात कंपन्यांनी म्हणूनच हा पर्याय स्वीकारला. विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर हे ‘शकुंतला’ या नावाने ओळखले जाणारे मार्ग कापसासाठी याच मापावर टाकले गेले. धमतरी मार्गाचा आधार भात आणि वनोपज हा होता. बस्तर व कांकेर या संस्थानांतील माल धमतरीच्या बाजारात येई आणि तेथून गाडीने रायपूरला जाई.

या स्वस्ताईची किंमत मात्र रायपूरला मोजावी लागे. नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजवर धावू शकत नसल्याने प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे. या मालबदलात वेळ जाई, मजुरी वाढे आणि नासधूस होई. मालाचे प्रमाण थोडे आणि पर्यायी रस्ते कच्चे होते, तोवर ही अडचण सुसह्य होती.

स्थानकाने गावाला काय दिले?

रायपूरहून निघालेली गाडी तेलीबांधा, माना, भटगाव, केंद्री करीत अभनपूरला पोहोचे. तेथून एक मार्ग कुरुदवरून धमतरीकडे, तर दुसरा राजिमकडे जाई. महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावरील राजिमला माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठी यात्रा भरते. यात्रेकरूंसाठी ही गाडी सोयीची होती.

अशा मार्गावरील लहान स्थानकाचे स्वरूप साधे असते : एक बुटका फलाट, तिकिटाची खिडकी, थोडी सावली. रेल्वेच्या परिभाषेत जेथून गाडीला पुढील खंडात जाण्याची अनुमती दिली जाते, ते ब्लॉक स्थानक. जेथे गाडी केवळ प्रवाशांसाठी थांबते, ते बिगर-ब्लॉक किंवा हॉल्ट स्थानक. वाहतूक घटली की रेल्वे प्रशासन प्रथम स्थानकाचा दर्जा कमी करते, कर्मचारी काढून घेते आणि तिकीटविक्री कमिशनवर सोपवते. स्थानकाचा अस्त एका दिवसात होत नाही, तो असा पायरीपायरीने होतो.

ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने स्थानकाचे महत्त्व त्याच्या उत्पन्नातून मोजता येत नाही. भाजीची पाटी घेऊन शहरात जाणारी स्त्री, बांधकामावर जाणारा मजूर, महाविद्यालयात शिकणारा मुलगा यांना परवडणारे तिकीट ही या स्थानकाची खरी देणगी होती. रेल्वेच्या हिशेबात असा मार्ग तोट्याचा ठरला, तरी गावाच्या हिशेबात तो रोजगाराचा मार्ग असतो.

अस्ताची कारणे

स्वातंत्र्योत्तर काळात तीन घटकांनी या मार्गाचे गणित बदलले.

पहिला घटक रस्त्यांचा. रायपूर–धमतरी–जगदलपूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. ट्रक शेतातून थेट गोदामात माल पोहोचवू लागला. मालबदलाचा प्रश्न तेथे नव्हताच.

दुसरा घटक राष्ट्रीय धोरणाचा. 1992 मध्ये सुरू झालेल्या युनिगेज प्रकल्पाने देशभर एकच माप आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. नॅरोगेज मार्गांपुढे त्यामुळे रूपांतर किंवा बंद होणे हे दोनच पर्याय उरले. डोंगरी मार्गांसारखे वारसा म्हणून जपलेले मोजके मार्ग तेवढे अपवाद ठरले.

तिसरा घटक शहराच्या वाढीचा. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. एकेकाळी वेशीबाहेर असलेले तेलीबांधा शहराच्या मध्यात आले. रेल्वे फाटकांवर वाहने खोळंबू लागली. दुसरीकडे नवा रायपूर ही नियोजित राजधानी आकार घेत होती आणि तिला रेल्वे हवी होती.

या तिन्हींचा परिणाम म्हणून 2017 मध्ये तेलीबांधा ते केंद्री हा टप्पा बंद करण्यात आला. शहरातील रुळांच्या पट्ट्यावर द्रुतगती रस्ता उभा राहिला. केंद्री–धमतरी आणि अभनपूर–राजिम या सुमारे 67 किलोमीटरच्या मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर हाती घेण्यात आले. ते मुख्य जाळ्याला जोडण्यासाठी मात्र जुना मार्ग न वापरता मंदिर हसौदहून नवा रायपूरमार्गे केंद्रीला येणारा नवा मार्ग टाकला गेला. 30 मार्च 2025 रोजी रायपूर–अभनपूर मेमू गाडी या मार्गाने सुरू झाली आणि त्याच वर्षी ती सेवा राजिमपर्यंत वाढली.

नियोजनाचा धडा

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयास हवा. केंद्री, अभनपूर आणि राजिम यांच्या बाबतीत गेज बदलले. माना आणि भटगाव यांच्या बाबतीत मार्गच बदलला. पहिल्या गटातील गावांना काही वर्षांच्या खंडानंतर अधिक वेगवान गाडी मिळाली. दुसऱ्या गटातील गावांची जुनी रेल्वे कायमची गेली. ‘गेज परिवर्तन’ या एकाच शीर्षकाखाली दोन्ही परिणाम नोंदले गेले, तर दुसरा परिणाम दिसेनासा होतो.

नव्या मार्गाचा निर्णय चुकीचा होता, असा याचा अर्थ नव्हे. दाट वस्तीतून ब्रॉडगेज नेणे अवघड होते आणि नव्या राजधानीला जोडणीची गरज होती. परंतु कोणत्याही मार्गबदलाच्या वेळी तीन गोष्टी तपासल्या जाणे आवश्यक आहे. वगळल्या जाणाऱ्या गावांना तितक्याच स्वस्त दराची पर्यायी वाहतूक मिळते काय? काम चालू असलेल्या वर्षांत प्रवाशांची सोय कशी होणार? आणि रिकाम्या झालेल्या सार्वजनिक जमिनीचा उपयोग त्या गावांसाठीही होणार आहे काय? तिकिटाची खिडकी असलेली छोटी इमारत ग्रंथालय, बसथांबा किंवा धान्यखरेदी केंद्र होऊ शकते. तशी योजना न झाल्यास ती पडीक होते आणि तिच्याबरोबर गावाच्या शतकभराच्या इतिहासाचा पुरावाही नाहीसा होतो.

1888 च्या सुमारास गेज परिवर्तनानेच ब्रॉडगेज रायपूरच्या दिशेने आणली. सव्वाशे वर्षांनंतर त्याच प्रक्रियेच्या ओघात रायपूरजवळची दोन स्थानके नकाशावरून पुसली गेली. पायाभूत सुविधा कोणाला जोडते हे आपण आवर्जून मोजतो. ती कोणाला वगळते, हेही त्याच काटेकोरपणे मोजले गेले, तरच विकासाचा ताळेबंद पूर्ण होईल.