वसंतातील बागेची सहल आणि दमेकरी मूल

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की पुण्यास जाण्याचे बेत ठरू लागतात. दौंडची मंडळी आगगाडीने जातात, शिरूरची एस. टी. ने. कॅम्पात रेसकोर्सजवळची एम्प्रेस बाग हे त्यांतले एक आवडते ठिकाण. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सुमारे ३९ एकरांची ही बाग सांभाळते. मात्र घरात दमेकरी मूल असले, तर पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, झाडांना फुलोरा आलाय. पोराला न्यावं की नको?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फुलांच्या रचनेत आहे.

पळस, पांगारा, काटेसावर, बहावा यांची फुले मोठी व भडक रंगाची असतात. पक्षी व कीटक यांना बोलावण्यासाठीच हा थाट असतो. त्यांचे परागकण जड व चिकट असल्यामुळे ते हवेत फारसे उडत नाहीत. याउलट, ज्या झाडांचे पराग वारा वाहून नेतो, त्यांची फुले बारीक आणि बिनरंगाची असतात. त्यांचे पराग कोरडे व हलके असून ते मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि तेच नाका-डोळ्यांत जातात. गवते, एरंड आणि वसंताच्या तोंडाशी फुलणारा वावळ ही त्याची उदाहरणे. म्हणजेच डोळ्यांत भरणारे फूल सहसा निर्दोष असते. ज्याकडे आपले लक्षही जात नाही, ते त्रास देते.

आपल्याकडे बहुतेक गवतांना तुरे येतात ते पावसाळ्याच्या अखेरीस. त्यामुळे युरोपातील वसंतात गवतांमुळे होणारा नाक-डोळ्यांचा त्रास जसाच्या तसा आपल्या चैत्राला लावू नये.

माझ्याकडे येणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलीला फुलांच्या भीतीने आजीजवळ घरी ठेवून भावंडे बागेत गेली. त्याच संध्याकाळी तिला घरीच जोराची धाप लागली. घरात चुलीचा धूर होता, रात्री कासवछाप अगरबत्ती लागे आणि परसात कमरेएवढे गाजर गवत माजले होते. १९५५-५६ च्या सुमारास हे गवत भारतात प्रथम पुण्यात लक्षात आले. आज ते भीमेच्या व घोडनदीच्या काठी, कालव्याच्या कडेला सर्वत्र दिसते. त्याच्या स्पर्शाने कातडीला खाज व दाह होतो आणि परागांमुळे शिंका व धाप वाढू शकते. धूर आणि गाजर गवत घरात राहिले आणि मुलीची सहल मात्र हुकली.

तेव्हा दमेकरी मुलाला बागेत अवश्य न्या. फक्त पुढील गोष्टी पाळा.

१) डॉक्टरांनी रोजचा प्रतिबंधक पंप दिला असेल, तर बरे वाटते म्हणून तो बंद करू नका. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून मात्रा थोडी पुरते.

२) धाप लागल्यावर घ्यायचा पंप व स्पेसर पिशवीत ठेवा, घरी विसरू नका.

३) सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा आणि दुपारचे ऊन टाळा.

४) वळवाचा पाऊस गडगडत आला, तर मुलाला आडोशाला घ्या. अशा वादळात ओलाव्याने परागकण फुटून त्यांचे सूक्ष्म तुकडे फुप्फुसात खोलवर जातात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात अशाच वादळानंतर हजारो लोकांना धाप लागली व १० जण दगावले.

५) कोणतेही फळ किंवा बी तोंडात घालू देऊ नका. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी खेळायला छान वाटते, पण पोटात गेल्यास हृदयाची गती बिघडवते. मोगली एरंडाच्या बियांनी उलट्या-जुलाब होतात. मुलाने बी खाल्ल्यास मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. उरलेली बी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मुलाला बसते ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात पंपाचा एकेक फवारा स्पेसरमधून द्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. घरगुती काढ्यात वेळ घालवू नये.

दमा नीट आटोक्यात असलेले मूल इतर मुलांप्रमाणेच धावू शकते, खेळू शकते. ते बागेत धावताना वारंवार थांबत असेल, खोकत असेल, तर औषध कमी पडते आहे असे समजावे आणि परतल्यावर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.