आधी वाचवायचे, मग मारायचे?

गेल्या हिवाळ्यात सबमिशनं संपल्यावर आम्ही हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये यलोस्टोन पार्कवरची फिल्म बघत होतो. बर्फातून बफेलोंचा कळप पार्कची हद्द ओलांडतो आणि पलीकडे माणसं बंदुका घेऊन उभी! मी म्हटलं, "काय हे! यांनीच वाचवायचे आणि यांनीच मारायचे?" माझा रूम पार्टनर राधानगरीकडचा. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या उसात गवा शिरला की मग बोल." वाद रात्री दोनपर्यंत चालला, सकाळी मेसमध्ये पुन्हा सुरू झाला. शेवटी मी लायब्ररी गाठली. तिथे जे हाती लागलं, ते इथे मांडतोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. अमेरिकन माणूस ज्याला बफेलो म्हणतो तो खरा बायसन. आपला गवा त्याचा लांबचा भाऊबंद. आणि आपली रानम्हैस ही तिसरीच.

एकेकाळी उत्तर अमेरिकेत कोट्यवधी बायसन होते. कातडी, रेल्वे आणि मूळ रहिवाशांचं अन्न तोडायचं राजकारण, यात ते संपले. १८८९ साली विल्यम हॉर्नडे याने मोजदाद केली, तेव्हा पाळीव धरूनही सगळे मिळून जेमतेम अकराशे भरले. गंमत म्हणजे याच हॉर्नडेने १८८६ मध्ये संग्रहालयात पेंढा भरून ठेवण्यासाठी वीसहून जास्त बायसन स्वतः मारून आणले होते. संपायच्या आत नमुने तरी हवेत, हा त्याचा विचार! पुढे त्याचंच मन पालटलं. १९०५ मध्ये त्याने बायसन वाचवण्यासाठी संस्था काढली आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमाला पाठवून मोकळ्या कुरणात सोडले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण इथे बैल थोडा तरी उरला होता.

यलोस्टोनमध्ये १९०२ च्या सुमारास दोन डझनही रानटी बायसन शिल्लक नव्हते. बाहेरून काही आणून त्यांची जोपासना केली. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे ६,००० बायसन होते.

आता आपल्या आवडीचं गणित. हा कळप वर्षाला १० ते १७ टक्क्यांनी वाढतो. १० टक्के धरले तरी चक्रवाढीने साधारण सव्वासात वर्षांत संख्या दुप्पट! १९९५ पासून लांडगे परत आणले, पण धडधाकट बायसन त्यांना सहसा पेलत नाही. शिवाय १८७२ मध्ये पार्कची हद्द आखताना बायसन हिवाळ्यात चरायला कुठे उतरतात याचा विचारच झाला नव्हता. जास्त बर्फ पडला की कळप खाली माँटाना राज्यात येतो. तिथल्या गुरंवाल्यांना ब्रुसेलोसिसची धास्ती, कारण या रोगाने गाभडणाऱ्या गाई वाढतात. खरं तर हा रोग बायसनला गुरांकडूनच लागला असावा, असं मानलं जातं. पण शिक्षा बायसनला!

मग मारायचं कसं? १९८८-८९ च्या हिवाळ्यात माँटानात शिकाऱ्यांनी ५६९ बायसन मारले. सरकारी रक्षक शिकाऱ्याला जनावरापाशी नेत आणि ते उभ्या जागी गोळी खाई. देशभर ओरड झाली आणि १९९१ मध्ये ही शिकार बंद झाली. पुढे २००५ मध्ये नव्या नियमांनी परत सुरू झाली. दुसरा मार्ग म्हणजे कळप कोंडून ट्रकने कत्तलखान्याला पाठवणे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात एकट्या शिकाऱ्यांनीच अकराशेहून जास्त बायसन मारले. त्यात बरेच शिकारी मूळ रहिवासी होते. १८५५ सालच्या तहांनी त्यांना मोकळ्या जमिनीवर शिकारीचा हक्क दिलाय आणि त्यांच्यासाठी बायसन म्हणजे अन्न आणि श्रद्धा दोन्ही. त्यांना "तुम्ही क्रूर" म्हणणारा मी कोण? इथे माझा पहिला मुद्दा गळून पडला.

पण रूम पार्टनरचाही पूर्ण खरा ठरला नाही. शिकारीचा जुना नियम म्हणजे जनावराला निसटायची संधी हवी. अरुंद वाटेने भुकेला कळप उतरतोय आणि तोंडाशी रांगेने बंदुका, यात ती संधी कुठे? २०१९ पासून रोगमुक्त ठरलेले काही बायसन कत्तलखान्याऐवजी मूळ रहिवाशांच्या जमिनींवर पाठवले जातात. म्हणजे दुसरा रस्ता आहे, फक्त जमीन लागते.

मी सिव्हिलचा, म्हणून मला हे असं दिसतं: धरण बांधलं, पण सांडवाच ठेवला नाही. पाणी भरणार हे ठाऊक असूनही! मग शेवटी बंदूकवाल्याला दोष देऊन काय उपयोग? गोळी हिवाळ्यात सुटते, पण तिचा निर्णय हद्द आखली त्या दिवशीच झालेला असतो.

आपल्याकडे रानम्हशीच्या शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या कायद्याने तिला पूर्ण संरक्षण आहे आणि मध्य भारतात ती मोजकीच उरलीय. गडचिरोलीतलं कोलामार्का तिच्यासाठी २०१३ मध्ये राखीव झालं. छत्तीसगडमध्ये २०२० साली आसामच्या मानसमधून रानम्हशी बारनवापाऱ्याला आणल्या. उद्या त्या वाढाव्यात असंच आपल्याला वाटतं. पण त्या वाढल्यावर चरतील कुठे, गावातल्या म्हशींशी संकर आणि रोग कसे टाळायचे, धान खाल्लं तर पैसे कोण आणि कधी देणार, हे आज दहा-वीस असतानाच कागदावर उतरायला हवं. तेव्हा सुचत नाही, मग बंदूक सुचते.

हे सगळं पार्टनरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काकांना मागच्या वर्षीची भरपाई मिळू दे, मी पण तुझ्या बाजूने." मला वाटतं, अख्ख्या लेखाचं सार त्याने एका वाक्यात सांगितलं. तुम्हाला काय वाटतं? मेसमध्ये भेटा, वाद अजून चालू आहे!

— तृतीय वर्ष, स्थापत्य