आपल्या एका एकरावर किती पाणी पडते?



यंदा पाऊस मोजण्याचे काम आमच्या सातवीच्या वर्गाकडे होते. पाऊस मोजायला मोठे यंत्रच लागते असे पुष्कळांना वाटते. तसे काही नाही. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा एक डबा घ्यावा. तो झाडापासून व भिंतीपासून लांब, उघड्यावर, हलणार नाही असा ठेवावा. रोज सकाळी साडेआठला (वेधशाळेतही तेव्हाच मोजतात) आत पट्टी उभी धरावी. पट्टीवर २२ मिलिमीटर भरले की २२ मिलिमीटर पाऊस झाला. डबा लहान असो वा मोठा, उंची तीच भरते. आम्हाला हे पटेना, म्हणून दोन डबे शेजारी ठेवून पाहिले, तर खरेच सारखे भरले. तांब्या मात्र चालत नाही, कारण त्याचे पोट मोठे आणि गळा लहान.

आता यातले गणित बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते पाणी बरोबर एक लिटर भरते. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. म्हणून एक मिलिमीटर पावसात गुंठ्याला १०० लिटर आणि ४० गुंठ्यांच्या एकराला ४,००० लिटर पाणी मिळते. पाऊस उघडला तेव्हा आमच्या वहीतली बेरीज ४०० मिलिमीटरच्या आसपास आली. ४,००० गुणिले ४००, म्हणजे १६ लाख लिटर. एका एकरावर! फळ्यावर शून्ये मोजताना आमच्या वर्गात एकच गलका झाला.

१६ लाख लिटर म्हणजे किती ते सांगते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे तशा तीन गाड्या भरूनही उरेल एवढे पाणी आपल्या एका एकरावर आभाळातून फुकट पडते. मग उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर टँकर का येतो?

कारण पडलेले सगळे पाणी आपले होत नाही. पुष्कळसे ऊन आणि पिके घेतात, काही नाल्याने वाहून जाते आणि जाताना वरची चांगली माती घेऊन जाते. विहिरीपर्यंत उरते ते थोडे. आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कठीण खडक असतो. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. गुरुजी म्हणाले, अशा खडकाच्या मुलखात ढोबळमानाने पावसाचा दहावा हिस्सा जमिनीत मुरतो. म्हणजे एकरी १६ लाखांतले दीड लाखाच्या आसपास. बोअर पाचशे फूट खाली नेले तरी वरून मुरणारे पाणी वाढत नाही, तेच पाणी शेजाऱ्याच्या आधी आपल्याकडे येते किंवा फार वर्षांपूर्वीचे साठलेले पाणी संपते. (धाकटा भाऊ विचारत होता की बोरीच्या झाडाखाली खणले म्हणून त्याला बोर म्हणतात का. घरात सगळे हसले.)

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात पंधरा वर्षांची होती. ती नालाबंडिंगच्या कामावर मुरमाच्या पाट्या वाहायची, कामावर सुकडी मिळायची. घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी असत. आजी म्हणते, "तवा इहिरीत थोडंथोडकं पानी व्हतं, पर कणगीत दाना नव्हता. आता दाना हाय तर पानी न्हाई." मला हे फार विचार करण्यासारखे वाटते. धान्य नसेल तर ते दुसरीकडून आणता येते. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, त्याप्रमाणे रेशनच्या दुकानात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य महिन्याला मिळते. पण ते धान्यसुद्धा कुठल्या तरी शेतात, कुठल्या तरी विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यावरच पिकलेले असते. तिकडच्या विहिरी आटल्या तर पोती कुठून यायची?

आता पिकांकडे येऊ. मोकाट पाणी दिले तर उसाला पूर्ण काळात २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. एकराचा हिशेब केला तर ८० लाख ते १ कोटी लिटर होतात. आपल्या एकरावर पडतात १६ लाख. म्हणजे एक एकर ऊस पाच-सहा एकरांवरचा पाऊस पितो. ठिबक केले तर पाणी बरेच वाचते, हेही खरे. उसाचे पैसे एकरकमी मिळतात आणि कारखाना तो नेतो, त्यामुळे लोक ऊस लावतात. यात त्यांना नावे ठेवण्यासारखे काही नाही, ज्वारीला तसा भाव कुठे मिळतो? पण ज्वारीचे गणित निराळे आहे. मालदांडी भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि ती भारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर, एखादे पाणी मिळाले तर उत्तमच, नाहीतर तशीच, फाल्गुनापर्यंत येते. दाणा माणसांना, कडबा गुरांना. आमच्या गोठ्यातल्या दोन गाई फाल्गुनानंतर कडब्यावरच असतात.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार गावाने हा पाण्याचा हिशेब गावाच्या कारभारातच आणला. तिथेही पाऊस आपल्याएवढाच, ४०० मिलिमीटरच्या आसपास. लोक गाव सोडून मजुरीला जात. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, झाडे लावली, बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. बाहेर गेलेली पुष्कळ कुटुंबे परत आली. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पाणी वाढले तरी त्यांनी शेतीसाठी बोअर घेऊ दिले नाहीत आणि ऊस व केळी लावायची नाही असे ठरवले. पावसाळा संपला की ग्रामसभेत ताळेबंद मांडतात: पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरते. पाऊस कमी झाला तर कमी पाण्याची पिके. श्री. पवार यांना पुढे पद्मश्री मिळाली.

आपल्या गावाचा जमेचा अर्धा हिशेब आता वहीत आहे. दुसरा अर्धा विहिरींत आहे. म्हणून येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही गावातल्या विहिरींची पातळी मोजायला निघणार आहोत. दोरीला दगड बांधून, दर फुटाला गाठ मारून ती तयार केली आहे. गुरुजी बरोबर आहेत आणि दोरी तेच सोडणार, मुले कठड्याला टेकणार नाहीत. ज्या पालकांच्या विहिरी आहेत त्यांनी शुक्रवारपर्यंत कार्यालयाशेजारच्या वहीत नाव लिहावे आणि त्या दिवशी तासभर मोटार बंद ठेवावी, नाहीतर पातळी चुकीची येते. आमचे नाव पप्पांनी पहिले लिहिले आहे.