सभासद-वर्गणी : खर्च आणि मोबदला

वाणिज्य शाखेत आपण वर्गणीचे गणित लवकरच शिकतो. उत्पन्न-खर्च पत्रकात सभासदांची वर्गणी जमेला घ्यायची, येणे असलेली मिळवायची, आगाऊ आलेली वजा करायची. उत्तर जुळते, गुणही मिळतात. पण ज्याच्या खिशातून ती रक्कम जाते त्याच्या वहीत ती कशी दिसते, हे उदाहरणात विचारलेले नसते. आमच्या घरी कन्नडही बोलतात. कन्नडमध्ये वर्गणीला ‘वंतिगे’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘वाटा’ हा अर्थ आहे. तेव्हा वाटा दिला तर हाती काय येते, हे पाहू.

सनदी लेखापालांचे, म्हणजे सी. ए. लोकांचे उदाहरण घ्या. त्यांची संस्था १ जुलै १९४९ रोजी संसदीय कायद्याने स्थापन झाली. तिची वर्गणी ऐच्छिक नाही. वार्षिक शुल्क १ एप्रिलला देय होते. ते भरले नाही, तर कलम २० प्रमाणे सभासदाचे नाव नोंदवहीतून काढता येते, आणि नाव गेले की लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करता येत नाही. व्यवसाय करणाऱ्याला प्रमाणपत्राचे शुल्क वेगळे. थोडक्यात, ही वर्गणी कमी आणि परवाना अधिक.

मोबदल्यात संस्थेचे मासिक आहे, व्याख्याने आहेत, चुकार सभासदाची चौकशी करणारी यंत्रणा आहे. यातली व्याख्याने आम्हा बऱ्हाणपूरकरांना महाग पडतात. मध्य प्रदेशाचा विभाग कानपूरच्या कार्यालयाखाली येतो. इंदूर सुमारे १८० किलोमीटर. जळगाव बरेच जवळ, पण ते पश्चिम विभागात! एक व्याख्यान ऐकायचे तर गाडीभाडे आणि बुडालेला दिवस हेही वर्गणीतच धरले पाहिजेत. मुंबईच्या सभासदाचा हा खर्च लोकलच्या तिकिटात भागतो. आता पुष्कळ व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात हे खरे, परंतु चहाच्या वेळी शेजारच्याकडून जे कळते ते पडद्यावर कळत नाही.

ऐच्छिक संघटनांची अडचण निराळी. आमच्या गावात यंत्रमाग पुष्कळ. समजा, मागधारकांच्या एखाद्या संघाने विजेच्या दरात सवलत मिळवली. ती वर्गणी भरणाऱ्यालाही मिळणार आणि न भरणाऱ्यालाही. मग भरायची कोणी? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ च्या ग्रंथात हेच मांडले : मोठी संघटना टिकते ती सक्तीवर, नाहीतर केवळ सभासदांनाच मिळणाऱ्या एखाद्या लाभावर. सनदी लेखापालांकडे सक्ती आहे. मागधारकांच्या संघाला लाभ शोधावा लागेल : सुताच्या भावाची रोजची माहिती, विवरणपत्रे भरायला मदत, असे काहीतरी. शाल-श्रीफळाच्या समारंभांवर वर्गणी खर्च होऊ लागली, तर सभासद पुढच्या वर्षी पावती फाडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

सक्तीच्या संस्थेत मात्र सभासदाला असे निघून जाता येत नाही. म्हणून तिथे त्याने हिशेब अधिक बारकाईने मागावा असे मला वाटते. शुल्क सर्वांना सारखे घेता ना, मग वर्षातून दोन व्याख्याने बऱ्हाणपूर-खंडव्यासारख्या गावी ठेवायला काय हरकत आहे? वक्त्याचे गाडीभाडे एकाचेच लागेल.