जवळची मीटिंग

डोंबिवलीतल्या त्या गृहस्थांनी दारू सोडायची ठरवली आणि मीटिंग निवडली ती थेट दादरची. घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत दर मंगळवारी अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा गट भरतो, हे त्यांना फोनवर सांगितलं गेलं होतं. पण मुलगी त्याच शाळेत शिकलेली, समोर ओळखीचा किराणावाला. कुणी पाहिलं तर? याच रस्त्यावर रात्री अकरा वाजता रिक्षावाल्याने त्यांना धरून उतरवलं होतं, तेही अनेकदा. पिण्याची लाज केव्हाच सरली होती. सोडण्याची मात्र वाटत होती.

दादरला ते तीनदा गेले. चौथ्या आठवड्यात लोकल रखडली. अर्ध्या मीटिंगला काय जायचं, म्हणून ते परत फिरले आणि स्टेशनबाहेरच्या बारमध्ये शिरले. पुढचे सात महिने पुन्हा तेच.

मग एके दिवशी, कुणालाही न विचारता, त्यांनी दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घामाने कपडे भिजले आणि रात्री फिट आली. पत्नीने शेजाऱ्यांना उठवून त्यांना रुग्णालयात नेलं म्हणून निभावलं. ही चूक फार जण करतात. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती अचानक थांबली तर पहिल्या दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. एएचा गट म्हणजे दवाखाना नव्हे. तिथे औषध देत नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध गटातल्या कुणाच्या सांगण्यावरून बंदही करायचं नसतं.

रुग्णालयातून सुटल्यावर आलेल्या मंगळवारी ते शाळेत गेले. मुलांचे बुटके बाक, स्टीलच्या किटलीत चहा. आडनाव कुणी विचारलं नाही, फीही मागितली नाही. शेवटी एक डबा फिरला, ज्याला जमेल त्याने त्यात पैसे टाकले. एए बाहेरून देणगी घेत नाही, खर्च सभासदच भागवतात. तिथे बसायला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. दूधकेंद्रावर रोज दिसणारे एक निवृत्त बँक कर्मचारी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि बाकावर सरकून जागा केली. ज्याने पाहू नये म्हणून हे दादर गाठत होते, तो माणूस त्याच कारणासाठी तिथे बसलेला होता!

ही चळवळ सुरू झाली तीही जवळच्या माणसाच्या शोधातून. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेले होते. दारू सोडून काही महिनेच झालेले, त्यात व्यवहार फसला, आणि हॉटेलातला बार खुणावू लागला. त्यांनी लॉबीतल्या फोनवरून चर्चमधल्या लोकांकडे चौकशी केली, की या गावात दुसरा कुणी दारुडा आहे का, ज्याच्याशी बोलता येईल? त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. 10 जून 1935 हा स्मिथ यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. भारतात एए 1957 मध्ये आलं. नुसत्या बोलण्याने काय होणार, असं विचारणाऱ्यांसाठी, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा 2020 चा आढावा आहे. सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं तपासून त्यात असं दिसलं, की दारूपासून सलग दूर राहण्यात एए आणि लोकांना एएकडे वळवणारे उपचार इतर रुळलेल्या उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरसही ठरतात.

मीटिंग शोधायची तर एए इंडियाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या फोनवर आपला भाग सांगावा, मराठी मीटिंग कुठली तेही विचारावं. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही सरकारी मोफत हेल्पलाइनही आहे. ‘ओपन’ मीटिंगला घरच्यांना नेता येतं, ‘क्लोज्ड’ फक्त मद्यपींसाठी असते. खोली चर्चच्या आवारात असली तरी बिचकू नये, एए कुठल्याही धर्माशी बांधलेलं नाही. पहिल्या दिवशी बोललं नाही तरी चालतं. मात्र निघताना दोन-तीन फोन नंबर घ्यावेत, आणि तलफ येईल तेव्हा, ग्लास हातात घेण्याआधी, ते फिरवावेत. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा. भरती होण्याची गरज असेल तर पुण्याचं 1986 पासूनचं मुक्तांगण किंवा फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्यात सुरू केलेलं कृपा फाउंडेशन यांसारखी केंद्रं आहेत. पण तिथून घरी आल्यावर रोजची संध्याकाळ निभवायला पुन्हा गटच लागतो.

या गृहस्थांच्या पत्नी त्यांच्या आधीपासून अल-अनॉनला जात होत्या. मद्यपींच्या घरच्यांसाठीचा हा वेगळा गट, नवरा पीत असतानाही त्यात जाता येतं. तिथे जाऊ लागल्यापासून त्यांनी बाटल्या शोधणं आणि कचेरीत खोटे निरोप देणं थांबवलं होतं.

आता मंगळवारी शाळेची किल्ली त्या गृहस्थांकडे असते. कुणी नवा माणूस फोनवर लांबची मीटिंग मागतो, तेव्हा ते कारण विचारत नाहीत. दादरचा पत्ता देतात आणि खाली शाळेचाही लिहून पाठवतात.