पत्ते लॅपटॉपलाच लक्षात ठेवू दे

अगं, नेट स्लो आहे म्हणून महागडा प्लॅन घ्यायच्या आधी माझं जरा ऐक. साइट एकदा सुरू झाली की भराभर उघडते, पण सुरू व्हायलाच रेंगाळते, असं म्हणतेस ना? मग वेळ बहुतेक पत्ता शोधण्यात जातोय.

आपण साइटचं नाव टाकतो, पण लॅपटॉपला लागतो आकड्यांचा आयपी पत्ता. नावावरून तो काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. बातम्यांचं एक पान उघडलंस तरी जाहिराती, चित्रं, फॉन्ट धरून अनेक नावं विचारावी लागतात. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद धरून चालायचं याची मुदतही येते, ती टीटीएल. त्या मुदतीपुरतं उत्तर लॅपटॉपवरच जपून ठेवायचं, एवढंच लोकल कॅशेचं काम.

आधी मोजून बघ. टर्मिनलमध्ये डिग कमांडने एकच नाव लागोपाठ दोनदा विचार. शेवटच्या ओळींत ‘क्वेरी टाइम’ दिसेल. दुसऱ्या वेळी तो शून्य किंवा एक मिलिसेकंदावर आला, तर कॅशे आहेच, काही करू नकोस. दोन्ही वेळा चाळीस-पन्नासच्या घरात राहिला, तर करण्यासारखं आहे. तुझ्या मैत्रिणीच्या उबुंटूवर हे काम सिस्टमडी-रिझॉल्व्हड आधीपासून करतं. तुझ्या डेबियनवर ते आपण होऊन येत नाही.

आता नीट ऐक. ही कॅशे ठेवायला डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम वापरायचा. त्यासाठी ‘डीएनएसमास्क-बेस’ हेच पॅकेज घे. नुसतं ‘डीएनएसमास्क’ घेतलंस तर त्याची वेगळी सर्व्हिस सुरू होते आणि पोर्ट ५३ वरून भांडण लागतं. मग लॅपटॉपची नेटवर्क जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, मेन विभागात, डीएनएस बरोबर डीएनएसमास्क अशी एक ओळ लिही आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट कर. पुढे नेटवर्कमॅनेजरच डीएनएसमास्कला १२७.०.०.१ या लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्यावर चालवतो, म्हणजे हॉस्टेलच्या वायफायवरच्या दुसऱ्या कुणाला तुझी कॅशे वापरता येत नाही. घरचं वायफाय असो की कॉलेजचं, नेटवर्क बदललं की नवा डीएनएस सर्व्हरही तोच कळवतो. म्हणून रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल हाताने बदलत बसू नकोस. पुढच्या कनेक्शनला तुझं लिहिलेलं पुसलं जातं.

यातून काय मिळणार नाही, तेही सांगते. डाउनलोडचा वेग वाढणार नाही. पहिल्यांदा विचारलेल्या नावाला पूर्वीइतकाच वेळ लागेल. तू कोणती नावं विचारतेस, तेही लपणार नाही. एन्क्रिप्शन ही वेगळी गोष्ट आहे. ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल, तर तो या कॅशेला विचारतही नाही. आणि एखादी साइट नव्या सर्व्हरवर गेली, तर मुदत संपेपर्यंत जुनाच पत्ता मिळत राहतो. तेव्हा डीएनएसमास्कला हप सिग्नल दे, कॅशे रिकामी होते.

टीटीएल मात्र ओढूनताणून वाढवू नकोस. ती मुदत साइटवाल्यांनी विचार करून ठरवलेली असते; चार मिलिसेकंद वाचवायला गेलीस आणि बँकेची साइटच उघडली नाही, तर काय उपयोग?

रविवारी निवांत बस आणि करून टाक. दुसऱ्या दिवशी पुन्हा डिगने मोज. आकडा उतरला नाही, तर कॉन्फिग फाइलमधली ती ओळ काढून टाक आणि मला फोन कर.